हळू आवाजाची धास्ती

इंग्लंडमधल्या केअर होममध्ये लागल्यावर तिसऱ्या महिन्यात, मार्चमध्ये, माझ्याविरुद्ध तक्रार आली. डोरोथी या अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध बाईंना माझी भीती वाटत होती. माझं प्रोबेशन चालू होतं. पुढे ठेवायचं की घरी पाठवायचं, हे आता या तक्रारीवर ठरणार होतं.

मला धक्का बसला. तिथे माझा सगळ्यांत जास्त जीव डोरोथीवर होता.

गावी राहिलेल्यांना हे सांगायला नको, बाहेरच्यांसाठी लिहिते. आमच्या जानेफळात जीव लावतात तो ओरडून. मी निघाले त्या सकाळी मेहकरच्या स्टँडवर माय म्हणाली, "काऊन पाहून राह्यली माह्या तोंडाकडं? चढ न गाडीत. सीट का तुह्या बापानं धरून ठेवली?"

"मीच धरली वं," बाबा म्हणाले. "रुमाल टाकला."

मग ती बाबांवर ओरडली. रडलं कोणी नाही. हळू, गोड आवाज आमच्याकडे दोनच ठिकाणी निघतो : पाहुण्यांशी, आणि वाचणार नाही अशा माणसाच्या उशाशी.

मी इंग्रजीतही घरचाच सूर नेला होता. मॅनेजरबाईंनी समजावलं. चहा संपला का, असं विचारताना मी 'फिनिश्ड'चा शेवट गिळते आणि वाक्य खाली पाडते. ऐकणाऱ्याला तो प्रश्न वाटत नाही, चहा संपव असा हुकूम वाटतो. डोरोथी घाईघाईनं गरम चहा पीत होती. तिचा ओठ भाजला होता.

मी आवाज हळू ठेवायला, शब्दांचे शेवट उच्चारायला शिकले, वाक्याचं टोक वर न्यायला शिकले. बसमध्ये पुटपुटत राहायची. जूनमध्ये एका सकाळी डोरोथी मला म्हणाली, आज चहा नको. त्याच आठवड्यात नोकरी पक्की झाली.

त्याच सुरात घरी फोन लावला. "माय, जेवली का वं? बरी हायेस ना?"

"कोन बोलून राह्यलं?"

"मी, माय. नोकरी पक्की झाली."

"ते राहू दे. अशी काऊन बोलून राह्यली? खरं सांग, डॉक्टर तुले काय म्हनला?"

फोन बाबांकडे गेला. मी हसले, समजावलं, शेवटी ओरडले.

"पाहा," मागून मायचा आवाज आला, "ओरडाचं सोंग करून राह्यली."

दुसऱ्या दिवशी ती मेहकरला गेली आणि स्वतःच्या पासपोर्टसाठी फोटो काढून आली.