डब्यातला कंद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, वर्गातल्या मुलांना तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे – तेही मला नीट कळत नाही.

मी नारायणगावला वनस्पतिशास्त्र शिकवते. पावसाळ्यात झाडं बघायला डोंगरातल्या आहुप्याला जाते, तिथल्या चांगुणाबाईंकडे उतरते. एका वर्षी त्यांनीच मला देवराईत नेलं. आणि तिथे, कुजक्या पाल्यात – आमरी! जमिनीवर उगवणारं ऑर्किड, तेही या भागात मी कधी न पाहिलेलं. दोन पानं जमिनीला चिकटलेली, मधून एकच दांडा, पांढरी फुलं. खालची पाकळी कडेनं झिरमिळलेली, मागे मधाची लांबलचक नळी. अख्ख्या राईत एकच झाड दिसलं. फोटो काढले. तेवढ्यावर भागायला हवं होतं, नाही का?

या आमरीला जमिनीखाली दोन कंद असतात. एक यंदाच्या फुलासाठी झिजत, सुरकुतत जाणारा. दुसरा टणक, पुढच्या वर्षीचा. मातीतल्या बुरशीवाचून ते जगत नाहीत, हे तर मीच शिकवते. तरीही – ती माझ्या कुंडीत फुलावी, फक्त माझ्याकडे असावी – हाव सुटली, दुसरा शब्द नाही. चांगुणाबाई देवापाशी दिवा लावत होत्या, तेवढ्यात मी ती मुळासकट उकरली आणि जेवणाच्या डब्यात कोंबली.

राईतून वाळकं पानही बाहेर न्यायचं नाही, अशी तिथली रीत. हद्दीवर पदर झटकायचा, मगच पाऊल बाहेर टाकायचं. चांगुणाबाईंनी झटकला. मीही ओढणी झटकली – जरा जास्तच जोरात.

सकाळी कुणालातरी खड्डा दिसला. देवळासमोर गाव जमलं. डबा अजून चांगुणाबाईंच्याच घरात, माझ्या पिशवीत. एकानं माझ्याकडे रोखून पाहिलं, तशा बाई ताडकन उठल्या.

"मॅडमनी माझ्यासमोर वढणी झटकली. म्या बघितलंय. त्यांनी काय बी नेलेलं न्हाई."

"मंग आत दुसरं कोण व्हतं?"

सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं – मी काहीतरी बोलेन म्हणून? तोंडात जीभ होती ना? मी खाली बघत राहिले.

कंद कुंडीत सडला. चांगुणाबाईंना राईत जायची बंदी झाली. सासूपासून चालत आलेला त्यांचा दिवा बंद झाला. बाईनं औषधवाल्याला कंद विकला, असं लोक अजून म्हणतात.

मी अजूनही त्यांच्याकडेच उतरते. त्या नाचणीची भाकरी वाढतात, राईपर्यंत सोबत येतात, हद्दीबाहेर दगडावर बसतात. गेल्या पावसाळ्यात तेलाची बाटली माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "जावा मॅडम. माझ्या वाटचा दिवा तेवढा लावून या."

मी आत गेले. लावला.