मामांचा सोफा देवळात जातो

मूर्तिपूजेचा इतका कडवा वैरी आणि इतका निष्ठावंत मूर्तिपूजक मी एकाच बनियनमध्ये पाहिला, तो माझ्या बायकोच्या मामांच्या रूपाने. आम्ही ख्रिस्ती. त्यात मामा कोरेगावच्या चर्चच्या मंडळीचे पंच आणि मिलिटरीतून पेन्शनवर आलेले, म्हणजे दहा आज्ञा त्यांना कवायतीच्या हुकमांसारख्या पाठ. शेजारचे आबा ऊसवाले शेतकरी. दसऱ्याला ते ट्रॅक्टरला हार घालायला लागले की मामा कुंपणाशी जाऊन उभे राहायचे. "आबा, लोखंडाला फुलं कशापायी? त्याला काय कळतंय?" एवढं सुनावून झालं की घरात यायचे आणि धुतलेल्या रुमालाने फ्रिजवरची धूळ पुसायचे.

आमच्यात काही चांगलं घडलं की पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, घरी बोलावून उपकारस्तुतीची भक्ती करायची रीत आहे. घर बांधलं, पोरगी पास झाली, की दोन गीतं, एक प्रार्थना आणि चिवडा. मामांनी ही रीत मिक्सरपर्यंत खाली आणली. इस्त्रीसाठीही ते पाळकांना बोलावणार होते, पण पाळकांची स्कूटर नेमकी बिघडली. भक्ती झाली की ती वस्तू अंगभर कपडे घालून सेवानिवृत्त होई. मिक्सरला झालरीचा झगा होता आणि त्याच्याशेजारी बसून मामी पाट्यावर चटणी वाटायच्या. टीव्हीचा रिमोट बायबलशेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत असे. बायबलला पिशवी नव्हती. मी एकदा तसं म्हणालो, तर मामा म्हणाले, "जावईबापू, बायबल फाटलं तर दुसरं मिळतंय. ह्यो रिमोट आता कुटं मिळत न्हाई." मी चहा प्यायलो.

मग सांगलीहून टेम्पोतून सोफा आला. मरून रंगाचा, सोनेरी बटणांचा, आणि पुढची खोली जेवढी जवळजवळ तेवढाच. दुकानातलं प्लॅस्टिक अंगावर तसंच. भक्तीला आलेले पाळक बसायला वाकले, तोच मामांनी चपळाईने त्यांच्याखाली लोखंडी खुर्ची सरकवली. "पाळकसाहेब, तुमाला कमरेचा तरास. मऊ बसनं बरं न्हाई." मी जावई म्हणून थोडी आशा धरून होतो. मला भिंतीला टेकून उभं राहण्याचा मान मिळाला.

इथवर सगळी गंमतच होती. पण त्याच खोलीत दर बुधवारी सतरंजी टाकून बायकांची प्रार्थना भरायची आणि मामी पुढे होऊन गीतं म्हणायच्या. मामींना मूलबाळ नाही. घरात एरवी मामांच्या हुकमांखेरीज आवाज नाही, त्यामुळे बुधवार हाच त्यांचा सण. सोफ्याने सतरंजीची जागा खाल्ली. दोनेक बुधवार बायकांनी दारात उभ्यानेच प्रार्थना केली, मग त्या यायच्याच बंद झाल्या. मामी तक्रार करणाऱ्यांतल्या नव्हेत. फक्त भाकरी थापताना त्या गुणगुणायच्या, ते थांबलं. मामांच्या ते लक्षातही आलं नाही, आणि मला त्यांचा खरोखर राग आला तो तेव्हा. आबांनी मात्र कुंपणावरून विचारलंच, "मामा, आमी टॅक्टरला एक दिस हार घालतो आन् दुसऱ्या दिशी चिखलात घालतो. तुमचा द्येव कवा कामाला लागनार?" मामांनी आबांशी अबोला धरला.

त्या वर्षी हंगामाच्या सणाची घोषणा मामांनीच केली. या सणाला पीक, कोंबडी, नारळ, ज्याला जे जमेल ते देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) वेदीपुढे आणून ठेवतात आणि भक्तीनंतर त्याचा लिलाव होतो. एकदा ठेवलेलं परत उचलायचं नाही. हवंच असेल तर देणाऱ्यानेही बोली लावूनच न्यायचं. मामा मंडळीपुढे गरजले, "किडकी वांगी आनू नगा! घरात जे जिवापाड जपलंय, ते आना!" पहिल्या बाकावर मामी मान डोलवत होत्या. आम्हाला वाटलं, कौतुकाने.

सणाच्या रविवारी मामा तोरणं बांधून शिडीवरून उतरतात, तो देवळाच्या दारात आबांची ट्रॉली. आबा, त्यांचे दोन गडी, आणि मागे डोक्यावर पदर घेतलेल्या मामी. सोफा मधल्या वाटेने नवरीसारखा सावकाश आत आला आणि भोपळे आणि उसाची मोळी यांच्यामध्ये जाऊन बसला. मामांच्या हातातला हातोडा हातातच राहिला.

"आगं, हे काय?"

"तुमीच म्हनला की," मामी म्हणाल्या. "जपल्यालं आना."

लिलावात सोफ्याची पाळी आली. मामांचा हात आधीच वर होता. पण पाळकांनी, बहुधा ती लोखंडी खुर्ची स्मरून, जाहीर केलं की बोलीआधी वस्तू बसून पाहावी, आणि पहिला मान जिने दिली तिचा. आबांनी आनंदाने प्लॅस्टिक टराटरा फाडलं. मामी बसल्या. बुटक्या बाई, पाय जमिनीला टेकेनात. त्यांनी तळव्याने गादी दाबून पाहिली आणि मामांना म्हणाल्या, "लय मऊ हाय वो."

सगळं देऊळ हसलं. मामा हसले नाहीत. इतके दिवस सोफा घरात, आणि घरधनीण त्यावर आज बसली, तीही देवळात. ते तिच्याजवळ गेले आणि मी कधीच ऐकला नव्हता अशा आवाजात त्यांनी विचारलं, "घरी न्यायचा का? तू म्हन, नेतो."

"नगं," मामी म्हणाल्या. "बुधवारी बाया कुटं बसत्याल?"

मामांचा हात खाली आला. सोफा आबांनी बोली लावून नेला.

मागच्या बुधवारी मी सहज कोरेगावला गेलो, तर मामा अंगणात चपला काढून पायरीवर बसलेले. आत बायकांची प्रार्थना चालली होती. मी आमच्या रीतीप्रमाणे सलाम करायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताला धरून मला शेजारी बसवलं. मामी गात होत्या. त्यांचा गळा आता थकलाय, वरच्या सुराला आवाज फाटतो, दम पुरत नाही.

"ऐकलंसा?" मामा डोळे पुसत म्हणाले. "लगीन हून आली तवा गान्याची हीच वळ एका दमात म्हनायची म्हनं. मंडळीतले सांगत्यात. मी कवा ध्यानच दिलं न्हाई."