टेकडी चढायला नवसच लागतो का?

मंडळी, आज डोकं जाम फिरलंय.

शुगर वाढली म्हणून मी रोज सकाळी आमच्या देवास गावातली देवीच्या देवळाची टेकडी चढायचं ठरवलं. पण चपला घातल्या की घरातून हाक येतेच. "अगं, डबा कोण करणार?" मग राहतंच.

आज कशीबशी गेले. पायऱ्यांवर शेजारच्या भाभी भेटल्या. "मन्नत मानी है क्या?" मला इतका दम लागला होता की मी नुसती मान हलवली.

घरी पोचेपर्यंत बातमी सासूबाईंकडे! म्हणाल्या, "नवस बोललीस तर आधी सांगायचंस ना! देवीचं मोडू नये. उद्यापासून डबा मी करते."

माझ्या शुगरसाठी या घरात अर्धा तास नव्हता. देवीसाठी लगेच निघाला.

आता तुम्हीच सांगा, खरं सांगू की गुपचूप चढत राहू?