मागची फळी

इंजिन आमच्या घरी गोधडीत गुंडाळून आलं. गोरेगावहून निघालेल्या जीपच्या मागच्या सीटवर ते आडवं ठेवलेलं होतं. त्याच्या अंगावर हात ठेवून, आजारी माणसाला दवाखान्यातून घरी आणावं तशी माझी धाकटी जाऊ शेजारी बसली होती. जीप अंगणात थांबली आणि माझा दीर, म्हणजे तिचा नवरा, उचलायला धावला.

"पंखा वर करू नका!" ती जीपमधूनच ओरडली. "पायातलं पाणी डोक्यात उतरलं की बसा मंग वल्हं मारत."

वल्हं मारत मी बसत होते. सतरा वर्षं.

आमचं घर धरणाच्या फुगवट्याच्या अलीकडे आणि शेत पलीकडे. पावसाळ्यात पाणी चढलं की मधला ओढा तलावाएवढा होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तसाच राहतो. रस्त्यानं जायचं तर अर्धा दिवस मोडतो. म्हणून सासऱ्यांनी लाकडी होडी करून घेतली होती. घरातल्या पुरुषांपैकी कुणालाच ती सरळ नेता येईना. मला आली. खुरपणीच्या बायका, बियाण्याच्या गोण्या, तुरीचे कट्टे, एकदा तर आजारी शेळी, सगळं मी मागच्या फळीला टेकून एका वल्ह्यावर पलीकडे नेलं. बायका मला 'होडीवाल्या बाई' म्हणत. कोण कोणत्या फेरीला, कोणत्या फेरीत किती माणसं, डबे कुणी आणायचे, हे सगळं माझ्या वहीत लिहिलेलं असे. माझ्या वहीशिवाय आमच्या घरात साधी पेरणीही निघत नाही, हे मी अभिमानानं सांगत आले आहे.

आणि आता हे इंजिन. तेही धाकटीच्या माहेरचं, गोरेगावचं. तिच्या वडिलांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान, भाऊ दुसऱ्या एका धरणावर मासेमारी करतात. त्यांनी नवं घेतलं म्हणून जुनं बहिणीला दिलं. माझ्या माहेरहून मला दर दिवाळीला साडी येते. चांगली साडी असते. पण साडीभोवती गल्ली गोळा होत नाही.

आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, इंजिनाला हळदकुंकू लावलं, निवद दाखवला आणि म्हणाल्या, "माझ्या धाकटीनं लक्ष्मीच आणली गं बाई घरात."

मी आत जाऊन वही काढली.

इंजिन बसवायचं तर नीट बसलं पाहिजे, आणि नीट म्हणजे माझ्या यादीप्रमाणे. तिला मोटारी कळत असतील, होडी मला कळते. दोन दिवस मी आमच्या ह्यांच्या मोबाइलवर इंजिन बसवायचे व्हिडिओ बघितले. धरणावर जाळं टाकणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांना गाठून खोदखोदून विचारलं आणि दीड पान भरलं. होडी पाण्यात असताना इंजिन चढवायचं नाही, काठावर घ्यायची. उचलायला दोन माणसं. फळीचा बरोबर मध्य दोरीनं मापून खूण करायची. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत आली पाहिजे, वर राहिली तर पंखा हवा खातो, फार खाली गेली तर होडी जड जाते. इंजिन फळीला पकडून ठेवणारे दोन्ही शिकंजे हातानं घट्ट आवळायचे आणि त्यावर भरवसा न ठेवता आरपार बोल्ट टाकायचे, भोकांत पाणी शिरू नये म्हणून मसाला भरायचा. इंजिनाला साखळी लावून ती होडीच्या कड्याला अडकवायची. पहिल्या फेरीनंतर सगळं पुन्हा आवळायचं.

आणि सगळ्यांत वर, पहिल्या क्रमांकावर, मीच माझ्या हातानं लिहिलं होतं: मागची फळी तपासणे. इंजिनाचा सगळा भार तिच्यावर.

ते लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं.

कारण मागच्या फळीबद्दल जे मला ठाऊक होतं ते घरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी उतरत होतं. मी एकटीच रिकामी होडी घेऊन येत होते. वळवताना मागचा भाग बुडालेल्या जुन्या विहिरीच्या कठड्यावर जोरात आदळला. फळीचा डावा खालचा कोपरा आतून चिरला. घरी सांगितलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. पण 'होडीवाल्या बाईनं होडी आपटली' हे आत्याबाईंच्या तोंडून वर्षभर ऐकावं लागलं असतं. मी सुताराकडून लाकडाचा भुसा आणला, डांबर तापवलं, कोपरा भरला आणि वरून साऱ्या होडीला डांबर फासलं. सगळे म्हणाले, होडी नव्यासारखी दिसते. वल्ह्यापुरती ती फळी टिकलीही.

इंजिन बसवायच्या दिवशी सकाळी हरभरा पेरायला जायच्या बायका काठावर थांबल्याच होत्या. होडी ओढून दगडांवर घेतली. धाकटीनं पदर खोचला, पाना हातात घेतला. मी वही धरून उभी होते. एकेक बाब मी वाचायची आणि तिनं करायची, असं ठरलं होतं.

"बाई, तुमी वाचा, मी करते," ती म्हणाली. ती मला बाई म्हणते. "आमच्या भावानं तर असंच बसवलं होतं, अंदाजानं. तुमची यादी लई बराबर हाय."

मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. तिचा हात पान्यावर असा बसत होता की बायकांचं माझ्या वहीकडे लक्षच नव्हतं.

"पयलं काय हाय?" तिनं विचारलं.

"फळी," मी म्हणाले.

तिनं पान्याच्या दांड्यानं फळीवर ठोकलं. उजवीकडून मधोमध आली. आवाज टणक येत होता. डाव्या कोपऱ्याशी पोचायच्या आधी ती थांबली आणि माझ्याकडे बघून हसली. "मी काहून ठोकून राहिले? तुमीच जाणता हिला. ठीक हाय ना फळी?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आत्याबाईसुद्धा, नारळ घेऊन दगडावर बसलेल्या.

मी म्हणाले, "ठीक हाय." आणि वहीत बरोबरची खूण केली.

खोटी खूण मी आयुष्यात कधी केली नव्हती. ती करताना माझ्या मनात काय होतं ते आज साफ लिहिते. इंजिन पडावं असं मला वाटत नव्हतं. पण ते बसल्यावर थोडं हलावं, कुरकुरावं, तिच्या माहेरच्या वस्तूला लोकांनी नाक मुरडावं आणि उद्या पुन्हा मला म्हणावं, बाई, तुमचं वल्हंच बरं, एवढं मला नक्कीच वाटत होतं. बोल्टाची भोकं फळीच्या वरच्या, टणक भागात पडणार होती. तेवढ्यावर मी स्वतःची समजूत घातली.

पुढचं सगळं यादीप्रमाणे झालं. माझे हे आणि दीर, दोघांनी इंजिन उचललं. पट्टी तळाच्या रेषेत आली. भोकं पडली, मसाला भरला, बोल्ट गेले. साखळी कड्यात अडकली. धाकटीनं शिकंज्यांच्या मुठी दोन्ही हातांनी आवळल्या, दातओठ खाऊन. मग होडी पाण्यात ढकलली आणि ती एकटीच आत चढली. पहिली फेरी रिकामी, हेही यादीतच होतं.

इंजिनाला एक लाल पिळाची दोरी होती. आत्याबाईंना वाटलं, नजरेची असेल. त्यांनी तिला लिंबू-मिरची बांधायला काढली होती.

"आवो आत्याबाई, ही माझ्या हातात लागती!" धाकटी हसत म्हणाली. "माणूस पाण्यात पडलं की दोरी निसटती अन् इंजिन बंद पडतं. न्हाई तर पंखा माणसालाच कापीन."

तिनं ती दोरी हिरव्या बांगड्यांच्या वर मनगटात अडकवली आणि सुरू करायची दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला इंजिन धडधडलं. बायका टाळ्या पिटायला लागल्या. इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक पिचकारी उडाली, म्हणजे ते बरोबर थंड होत होतं.

मी मागच्या बाजूला, गुडघाभर पाण्यात होडी धरून उभी होते. म्हणून मला एकटीलाच दिसलं. डाव्या कोपऱ्यातून काळं काहीतरी बाहेर येत होतं. भुसा. माझा भरलेला भुसा, ओला होऊन, इंजिनाच्या प्रत्येक धक्क्याबरोबर चिमूटभर. ती अजून काठालाच होती. आत खोल पाण्यात जाऊन तिनं वेग दिला असता तर सगळी फळीच उकलली असती. तिला पोहता येत नाही, हे मला माहीत होतं. माझ्याच वहीत, न पोहणाऱ्यांच्या पानावर, तिचं नाव होतं.

"बंद कर," मी म्हणाले. तिला ऐकू गेलं नाही. मी हात पुढे करून तिच्या मनगटाची लाल दोरी खेचली. इंजिन बंद पडलं. एकदम सगळीकडे शांत झालं.

"काय झालं, बाई?"

मी कमरेच्या पिशवीतला गोण्या शिवायचा दाभण काढला आणि त्या कोपऱ्यात खुपसला. मुठीपर्यंत आत गेला. "हा कोपरा मीच भरला होता," मी म्हणाले.

आत्याबाईंचं काय काय बोलून झालं ते लिहीत नाही. एक मात्र सांगते, कारण ते खरं होतं: "सतरा वर्षं होडी हाकली अन् सतरा मिनिटं खरं बोलता न्हाई आलं?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. माझे हे दुसरीकडे बघत राहिले.

धाकटी होडीतून उतरली. कोपऱ्याशी वाकली, बोटानं भुसा काढून वास घेतला. मग एवढंच विचारलं, "कुठं लागलं व्हतं?"

"विहिरीच्या कठड्याला."

"कोणती विहीर? पाण्यात विहीर हाय?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिला ते माहीतच नव्हतं. तिलाच नाही, पाण्याखाली नेमकं कुठं काय आहे ते घरात कुणालाच नव्हतं. वल्ह्याची होडी उथळ चालते, ती कठड्यावरून, बुडालेल्या जुन्या रस्त्याच्या मोरीवरून, बाभळीच्या बुडख्यांवरून बहुतेक वेळा न लागता निघून जाते. इंजिनाचा पंखा हातभर खाली जातो. फळी शाबूत असती तरी पहिल्याच आठवड्यात तिनं पंखा मोडून घेतला असता.

"दावता का मला?" ती म्हणाली. "तकलीफ व्हईन तुमाला, पण समदं दावा."

नवी फळी सागवानी घातली, दोन बोटं जाड, आतून-बाहेरून पत्रा मारून. यादीतली पहिली खूण मी खोडली आणि तिच्याकडून कोपऱ्यान् कोपरा ठोकून घेतल्यावर पुन्हा केली. पाण्याखालच्या जागांचं मी एक वेगळं पान केलं: विहीर, मोरी, बुडखे, आणि प्रत्येकीची काठावरच्या झाडावरून खूण. ते पान मी तिला दिलं. देताना हात जड झाला होता, हे कबूल करते.

इंजिन मागं बसलं की होडीचं नाक वर जातं. पुढं वजन लागतं. पहिल्या खऱ्या फेरीला धाकटी म्हणाली, "बाई, तुमी फुडं बसा. वजन बी व्हईन अन् रस्ता बी दावाल." यादीत मी ते शेवटी लिहिलं: पुढं वजन, मी.

तेव्हापासून मी पुढं बसते, तिच्याकडे पाठ करून. विहीर जवळ आली की डावा हात वर करते, ती उजवीकडे घेते. मोरीशी उजवा. बायका मध्ये बसून गप्पा मारतात आणि आता मला कुणी होडीवाल्या बाई म्हणत नाही, धाकटीलाही म्हणत नाहीत. इंजिनाच्या आवाजात कुणी कुणाला काहीच म्हणत नाही.

परवा विहिरीशी मी हात उचलणार, तेवढ्यात होडी आपसूक उजवीकडे वळली. तिनं माझी वाट बघितली नव्हती. तिला आता माझं पान पाठ आहे.

मी तरीही हात वर केला.