हंगाम नसतानाची सायकल

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा घरात माझी सवत आधीच नांदत होती. अंगानं काळी, दोन चाकांची, आणि माझ्या केसांपेक्षा जास्त तेल पिणारी. आमच्याकडचे एका गिरणीच्या कचेरीत कारकून होते, पण कारकुनी पोटापुरती. जीव सगळा लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतींत. दिवाळी झाली की शर्यती सुरू व्हायच्या, त्या शिमग्यापर्यंत चालायच्या. तेवढे महिने हे घरात असून नसल्यासारखे. पहाटे सायकल, कचेरी, संध्याकाळी पुन्हा सायकल, आणि जेवताना पानात काय वाढलंय याचा पत्ता नाही.

आणि हंगाम संपला की? मग तर विचारूच नका. भाजीत मीठ कमी, डाळ पातळ, फडताळाचं दार का करकरतं, सगळं एकदम दिसायला लागायचं. सासूबाई माझ्या कानाशी म्हणायच्या, "शर्यती बाराही महिने का घेत नाहीत गं मेले?"

मुलगी वर्षाची झाली त्या साली शिमग्याची शर्यत करून हे आले ते तापानंच फणफणून. गालफडं बसलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. डॉक्टरांनी तपासलं आणि चांगलंच खडसावलं. म्हणाले, "आपल्याकडची रब्बीची रानं पावसाळाभर मोकळी ठेवतात ना? मग शरीराला नको का मोकळीक? दसऱ्यापर्यंत सायकलवर बसायचं नाही. पोटभर जेवा, झोपा, पायी फिरा." हे असे तोंड पाडून घरी आले की मला हसूही येईना आणि रडूही येईना.

त्याच सुमाराला माझी नेमणूक आली. सातवीची फायनल पास होऊन मी दोन वर्षं नोकरीची वाट बघत होते. जूनपासून कुंभारी गावच्या मुलींच्या शाळेवर हंगामी शिक्षिका. हंगामी म्हणजे वर्षभर बघणार, शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर घरी. यांचा हंगाम संपला आणि मी हंगामी झाले, अशी आमच्याकडे थट्टा चालली होती. पण माझा जीव टांगणीला लागला होता. कुंभारी तशी जवळ, तरी पायी जाऊन येण्यात दिवस मोडावा एवढी लांब. प्रवासी मोटार होती, पण ती भरल्याशिवाय हलायची नाही. तान्ह्या पोरीला टाकून तिथं राहणं शक्य नव्हतं. आणि नोकरी तर सोडायची नव्हती.

एका संध्याकाळी हे सायकल पुसत बसले होते. पुसून पुसून तिचा रंग जाईल असं वाटत होतं. मध्येच मान वर करून म्हणाले, "तू हिच्यावर जा."

"मी? ही पुरुषांची सायकल!"

"सायकलीला काय कळतंय कोण बसलंय ते?"

"आणि डॉक्टरांनी तुम्हाला हातसुद्धा लावू नका म्हणून सांगितलंय."

"बसू नका म्हणाले. धरू नका असं कुठं म्हणाले?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून उजाडता उजाडता आम्ही गावाबाहेरच्या माळावर. मी नुकतीच शिकलेल्या बायकांसारखी गोल पाचवारी नेसायला लागले होते आणि त्याचा मला केवढा तोरा! ती पाचवारी पहिल्याच दिवशी साखळीत गेली. मी, सायकल आणि मला धरायला आलेले हे, तिघं एकावर एक. सूतगिरणीत निघालेल्या बायका थांबून तेलुगूत काहीतरी बोलल्या. बोलणं कळलं नाही, हसणं मात्र पुरतं कळलं. मी यांच्यावरच उखडले, "तुम्हाला शिकवता येत नाही!" आणि फाटका पदर सावरत तरातरा घरी आले.

सासूबाईंनी माझा अवतार पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अगं, गोल साडी नेसून का कुणी तंगडी टाकतं? कासोटा कशाला असतो मग? माहेरी मी तट्टावर बसून शेतावर जात होते." त्यांनी पेटीतलं आपलं नऊवारी लुगडं काढलं, मला लहान पोरीसारखं समोर उभं करून घट्ट कासोटा घालून दिला आणि म्हणाल्या, "आता जा, बघू कशी अडकतेस." त्यांचे उपकार मी कसे फेडणार होते? ज्या सासूनं सुनेला उंबऱ्याआत ठेवायचं, तिनंच मला सायकलवर बसवलं.

मग शिकणं जमू लागलं. मी पुढं, हे मागून सीट धरून पळताहेत. मेंढरं घेऊन जाणारे धनगर हटकायचे, "जपून की बाई, फुडं मेंढरं हायती!" सायकलीला घंटा नव्हती, वजन नको म्हणून यांनी काढून टाकलेली. मीच ओरडायची, "सरका हो, सरका!" यांचा दम भरून येई तेव्हा आम्ही बाभळीखाली बसायचो. भाकरी, शेंगाचटणी, तांब्यातलं पाणी. तिथं हे बोलू लागले. आपल्या लहानपणी वडील गेले ते, कचेरीत मान खाली घालून ऐकून घ्यावं लागतं ते, आणि सायकलवर असताना तेवढा वेळ आपल्याला कुणी काही म्हणू शकत नाही ते. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण हा माणूस मला त्या उन्हाळ्यात भेटला. हंगाम नव्हता म्हणून भेटला. त्या रिकाम्या महिन्यांचं ऋण मी अजून मानते.

जूनमध्ये मी एकटी कुंभारीला जाऊ लागले. पावसात चिखल पाठीवर उडायला लागला तसा यांनी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून चाकावर बसवला. संध्याकाळी हे वेशीपर्यंत चालत यायचे आणि तिथून आम्ही सायकल हातात धरून घरी. दसऱ्यापर्यंत यांच्या अंगावर मांस चढलं, झोप लागू लागली, डाळही आपोआप घट्ट झाली. डॉक्टर म्हणाले, "आता बसा." पत्रा निघाला. पहाटे आणि संध्याकाळी सायकल यांची, मधल्या वेळात माझी.

हे किती दिवस चालणार होतं? थंडीत अक्कलकोटला जाऊन परत यायची मोठी शर्यत ठरली. आणि आदल्या संध्याकाळी मला निरोप आला, उद्या साहेब शाळा तपासायला येताहेत. सायकल एक आणि दोघांचा दिवसही एकच.

मी म्हटलं, "मी पहाटे उठून चालत जाईन."

"आणि घामाघूम होऊन, पाय ओढत शिकवशील? काही नको. तू ने."

"वर्षभर ज्याची वाट पाहिलीत ते सोडणार?"

"तू नाही पाहिलीस वाट?"

आम्ही कडाकडा भांडलो. शेवटी मी बजावून सांगितलं की सायकल तुम्हीच न्यायची, माझी शपथ आहे. सकाळी उठले तर हे कधीच गेलेले. सायकल दारात, चाकांत हवा भरलेली, आणि माझा तो पत्रा पुन्हा बसवलेला. सासूबाई म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या दुकानातली भाड्याची घेऊन गेला." मला असा संताप आला! आणि संतापातच रडू आलं. भाड्याची सायकल म्हणजे कुणीही ठोकावी, कशीही वाकावी, असलं जड धूड.

शाळेत साहेब आले. खुर्चीवर बसून माझा भूगोलाचा पाठ ऐकू लागले. मी मुलींना जिल्ह्यातल्या नद्या विचारत होते आणि कान रस्त्यावर. शाळा अक्कलकोटच्या रस्त्याला लागूनच. परतीचे गडी सूं सूं करत गेले. एकेक जाताना मुलींच्या माना वळत होत्या, मी डोळे वटारत होते. मग बराच वेळ कुणीच नाही. भीमा झाली, सीना झाली. आणि लांबून खडखड खडखड असा आवाज आला.

मी पाठ तिथंच सोडला. साहेबांना विचारलं नाही, काही नाही, सरळ दारात जाऊन उभी राहिले. हेच होते. घामानं निथळलेले, हँडल एका बाजूला झुकलेलं, तोंड उघडं. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गेली नोकरी, असं मनात आलं, तरी पाय मागं वळेनात.

साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "कोण ते?"

"आमच्या घरचे."

त्यांनी दारातल्या माझ्या सायकलीकडे पाहिलं, मग रस्त्यावरच्या त्या धुडाकडे. त्यांना सगळं कळलं असावं. म्हणाले, "मग हाक मारा की, बाई!"

मुली एव्हाना माझ्या काखेखालून, पायांतून बाहेर घुसल्या होत्या. एकीनं विचारलं, "बाई, नाव काय वो त्यांचं?" नवऱ्याचं नाव मी कसं घेणार? ओठांशी आलं ते तेवढंच, आणि मी साऱ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडले, "अहो!"

पोरींना वाटलं, हेच नाव. सगळी शाळा एका सुरात ओरडू लागली, "अहो! अहो! अहो!"

यांनी मान वळवली. दारात मी, माझ्या बाजूला साहेब, आणि उड्या मारत टाळ्या पिटणाऱ्या त्या पोरी. हे एवढे हसले की सायकल हेलकावली. मग पायडलवर उभे राहिले आणि निघाले.

मी कायम झाले. हे शेवटून दुसरे आले.