दहा सूचक हवेत

भीमराव शिरसाटांना आमदार व्हायचं होतं असं म्हणणं, हा त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांना फक्त उमेदवार व्हायचं होतं. आमदार होण्यासाठी काय काय करावं लागतं, हे त्यांनी उपअभियंता म्हणून सरकारी नोकरी करताना टेबलाच्या अलीकडून पुरेसं पाहिलं होतं, आणि त्यातलं एकही काम आपल्याला जमणार नाही याची त्यांना खात्री होती.

निवृत्तीनंतर ते रोज सकाळी सदाशिव पेठेतल्या आपल्या इमारतीतून मंडईत भाजीला पायी जात. वाटेत फुटपाथ संपला की ते थांबत, पिशवी खाली ठेवत आणि जत्रेत हरवलेलं पोर शोधावं तसे इकडेतिकडे पाहत. फुटपाथ कधी ओळीने लावलेल्या स्कूटरींखाली सापडे, कधी एखाद्या नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या कमानीखाली. कधी सापडतच नसे. मागून फुटपाथवरूनच येणारा एखादा दुचाकीवाला हॉर्न वाजवून विचारे, “काका, मधेच काय उभे राहिलात?”

अशा माणसाला पादचारी हक्क पक्ष सापडला नसता तरच नवल. हा पक्ष हिंजवडीत जन्मला. एका संध्याकाळी कंपनीची बस एकाच चौकात इतका वेळ उभी राहिली, की आतल्या लोकांनी खाली उतरून चालायला सुरुवात केली आणि घरी पोचेपर्यंत पक्ष स्थापन झाला. रोहन नावाचा टीम लीड त्याचा अध्यक्ष. पक्षाकडे लोगो होता, ॲप होतं, टी-शर्ट होते. उमेदवार तेवढा नव्हता. तो भीमरावांच्या रूपाने मिळाला.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या सकाळी भीमरावांनी रोहनला फोन केला. “अहो अध्यक्ष, सूचकांच्या सह्या कधी पाठवताय?”

“सर, सूचक म्हणजे?”

“माझं नाव सुचवणारे. मोठ्या पक्षाला एक पुरतो. आपल्यासारख्याला दहा लागतात.” ज्याच्यामागे हजारो आहेत त्याला एक आणि ज्याच्यामागे कोणीच नाही त्याला दहा, हा नियम भीमरावांना सरकारी वाटला, म्हणजे ओळखीचा वाटला.

“डन सर. आपले ॲक्टिव्ह मेंबर्सच साठ आहेत.”

“याच मतदारसंघातले मतदार हवेत.”

 पलीकडून कीबोर्डचा आवाज आला. पक्षाचे सदस्य वाकडला राहत, हिंजवडीत काम करत आणि मतदार यादीत मात्र अकोला, लातूर, चाळीसगाव इथे नांदत. पुण्यातल्या फुटपाथसाठी लढणाऱ्या पक्षात या मतदारसंघातला मतदार एकच होता. तो उमेदवार होता, आणि उमेदवाराला स्वतःचं नाव सुचवता येत नाही.

“सर, सगळेच आउट ऑफ स्कोप आहेत,” रोहन म्हणाला. “पण आम्ही तुमच्यासाठी रील करतोय.”

घरात पत्नी ललिता आणि मुलगी पायल अशा दोन सह्या झाल्या. आठ राहिल्या. भीमरावांना त्याची चिंता वाटली नाही. इमारतीत सोळा बिऱ्हाडं होती आणि अकरा वर्षं ते सोसायटीचे सेक्रेटरी होते. पाण्याची मोटर, लिफ्ट, तुंबलेलं ड्रेनेज, सगळं त्यांच्याच गळ्यात. दर वर्षी सभेत त्यांची बिनविरोध निवड होई, कारण त्या पदाचं नाव निघताच बाकीचे पंधराजण छताकडे बघत.

पहिलं दार अनिरुद्ध पेंडशांचं. त्यांनी चहा दिला, फुटपाथवर तळमळीने बोलले आणि सहीची वेळ आली तेव्हा मायेने म्हणाले, “शिरसाट, तुमच्या भल्यासाठी सांगतो. इथून कशाला उभे राहता? राखीव जागा तिकडे कँपात आहे ना?”

“तिथे मी राहत नाही.”

“नाही, पण तुम्हाला तिकडे सोपं जाईल.”

“पेंडसे, गेल्या महिन्यात तुमच्या बाथरूममध्ये पाणी तुंबलं, तेव्हा मी कँपातून नव्हतो आलो.”

पेंडशांनी कप उचलले.

दुसऱ्या दारी भाचा मोठ्या पक्षात होता. तिसऱ्या दारी घरमालक अमेरिकेत होते आणि भाडेकरू त्यांना विचारून सांगणार होते. चौथ्या दारी कुसुमताई म्हणाल्या, “मत तुम्हालाच हो, शिरसाट साहेब, डोळे मिटून. सहीचं मात्र नको. सही दिसते.” मत गुप्त असल्यामुळे ते सगळ्यांनीच दिलं. अर्ध्या तासात भीमराव निम्म्या इमारतीतून निवडून आले होते.

दिगंबर मोडकांनी मात्र खरं बोलून टाकलं. “समजा, तुम्ही आलात निवडून. मग मोटर कोण लावणार?”

“काय?”

“तुम्ही मुंबईला अधिवेशनात. इथे टाकी रिकामी. आम्ही काय लक्षवेधी मांडायची?”

भीमराव घरी आले. दोनच सह्यांचा फॉर्म टेबलावर ठेवून पंख्याखाली बसले.

“अकरा वर्षं फुकट राबलात ना?” ललिता म्हणाली. “भोगा आता. आमदार काय, दर पाच वर्षांनी नवा मिळतो. असा सेक्रेटरी कुठे मिळायचा?”

“बाबा, सोपं आहे,” पायल म्हणाली. “त्यांना सांगा, मी काही निवडून येणार नाही, फक्त उभा राहतोय. पाच मिनिटांत सह्या होतील. आणि खोटं कुठे आहे त्यात?”

खोटं नव्हतंच. चार-पाचशे मतं पडली तरी रोहन पार्टी देईल, हे भीमरावांना ठाऊक होतं. पण आपण हरणार आहोत, ही गोष्ट शेजाऱ्याच्या दारात उभं राहून हमीपत्रासारखी लिहून द्यायची? इथे राहतो, इथे चालतो, इथून उभा राहतो, एवढं साधं वाक्य त्यांना एकदा सरळ उच्चारायचं होतं, खाली सूट-सवलत न जोडता.

“तसं मी म्हणणार नाही,” ते म्हणाले. “जिंकलो तर जिंकलो.”

“जिंकलो तर!” ललिताने पायलकडे पाहिलं. “ऐकलंस?”

भीमरावांनी चष्मा लावला आणि सोसायटीच्या ग्रुपवर एका बोटाने मजकूर लिहिला: ‘उद्या अर्ज भरता न आल्यास मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा देत आहे. नवीन सेक्रेटरी सोळा घरांतून चिठ्ठी टाकून निवडावा. कळावे.’

पहिली बेल वाजली तेव्हा त्यांनी चष्मा अजून काढलाही नव्हता. कुसुमताई आल्या, स्वतःचं पेन घेऊन. भाचा मोठ्या पक्षात असलेले आले आणि भाच्याशी आपलं फारसं बोलणं नसतं, म्हणाले. नोकरीमुळे वेळ नसलेले, गुडघे दुखणारे, राजकारणाचा तिटकारा असलेले, सगळ्यांना लोकशाहीची आठवण झाली. जिन्यात रांग लागली.

पेंडसे आले तेव्हा मान ताठ होती. “मी तत्त्व म्हणून सही करतोय, शिरसाट.”

“कुठलं तत्त्व?”

“लिफ्टचं,” आतून ललिता म्हणाली.

दहावी सही मोडकांची व्हायची होती. पेन टेकवून ते थांबले. “एक शब्द द्या. निवडून येणार नाही म्हणा.”

पायलने बापाकडे पाहिलं. सही एकच राहिली होती आणि शब्द अगदी स्वस्त होता.

“तो शब्द मी कसा देणार?” भीमराव म्हणाले. “ते तुमच्या हातात आहे. मत देऊ नका.”

“असं कसं? मत तुम्हालाच! मघाशी सांगितलं ना!” मोडक दुखावले गेले, आणि त्या भरात त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी निवडणूक कार्यालयाबाहेर ढोल-ताशे, फेटे आणि फुलांनी मढवलेल्या गाड्या होत्या. भीमराव पायलच्या स्कूटरवरून उतरले. उमेदवाराबरोबर चौघांना आत जाता येतं. त्यांच्याबरोबर पायल होती.

कारकुनाने कागद चाळले. “जातीचा दाखला जोडला नाही.”

“लागत नाही. ही जागा राखीव नाही.”

“हो, पण…” त्याने नाव पुन्हा वाचलं, यादीत काहीतरी शोधलं आणि कागद मुकाट्याने साहेबांकडे सरकवला.

साहेबांनी सूचक पाहिले. “सगळे एकाच इमारतीतले? जोरदार पाठिंबा दिसतोय.”

“मी पडावं म्हणून सगळ्यांनी देव पाण्यात ठेवलेत, साहेब.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी शपथेचा कागद पुढे केला. उमेदवाराला तो वाचावा लागतो, स्वतःच्या पूर्ण नावाने. भीमराव उभे राहिले, शर्ट नीट केला आणि मोठ्याने वाचू लागले. खोलीतली कुजबुज थांबली.

“अहो, मनात वाचलंत तरी चालेल,” कारकून म्हणाला. “बाहेर रांग आहे.”

भीमरावांनी कागदावरून नजर उचलली, त्याच्याकडे पाहिलं, आणि स्वतःच्या नावापासून पुन्हा सुरुवात केली, आणखी थोडं मोठ्याने.