सायकल ओढ्यात, माणूस पडवीत

आमची वस्ती पारनेरच्या पठाराच्या कडेला आहे. खाली खोल ओढा. दर रविवारी पुण्याची माणसं सायकली घेऊन त्यात उतरतात. सरकारनं रस्ता केला आहे, पण त्यांना तो चालत नाही.

गेल्या थंडीत सून शेळ्या घेऊन गेली, ती पळतच परत आली. खाली एक जण पडला होता. आम्ही उतरलो. चाळिशीचा माणूस, उजवं पाऊल घोट्यातून बाजूला वळलेलं. मोबाईल फुटलेला. सायकलीच्या पिशवीला साबणाच्या वडीएवढं नारिंगी यंत्र लटकत होतं.

"आजी, मला हलवू नका. बटण दाबलंय. सॅटेलाइटवरून कंपनीला कळतं. माझा विमा आहे, ते गाडी पाठवतात."

"कुठं हाय कंपनी?"

"परदेशात."

"मंग तवर हितंच पडून ऱ्हानार?"

माझा पुतण्या गावचा पोलीस पाटील. तो म्हणाला, दुसरी गाडी बोलावतो. तर हा म्हणाला, नको, यंत्रावर निरोप आलाय, गाडी निघाली.

मी पाऊल चाचपलं. गार होतं. बैलाचा पाय असा गार पडलेला मी पाहिला आहे. बैलाचं पुढं काय झालं ते मी त्याला सांगितलं नाही. गाडी येईल ती रस्त्यानंच येईल, आणि रस्ता आमच्या दारात आहे. बाज आणली, चौघांनी त्याला वर न्यायला उचललं.

"माझी पिशवी घ्या," तो ओरडला.

"न्हाई. अपघाताच्या वस्तूला पंचनामा होईस्तोवर हात लावायचा न्हाई."

"अहो आजी, सायकल आहे ती!"

"चाकं हायेत ना तिला?"

पाटलानं मान डोलावली. मागं एकानं अपघातातला टेम्पो बाजूला घेतला, तो अजून नगरच्या कोर्टात तारखांना जातो. पिशवी सायकलीलाच राहिली. शेळ्यांनी ओढू नये म्हणून मी वर दगड ठेवला.

पडवीत त्याला चहा दिला आणि वाट बघत बसलो. थोड्या वेळानं ओढ्याच्या पलीकडच्या अंगानं दोन माणसं उतरताना दिसली. अंगात चकाकती जाकिटं. ती सायकलीभोवती फिरली, फोटो काढले, बाभळींत वाकून वाकून बघू लागली.

"पंचनामा चाललाय," पाटील म्हणाला.

"होऊ दे नीट," मी म्हणाले.

बाजेवरच्या माणसाला तिथून ओढा दिसत नव्हता आणि दुखण्यानं त्याचे डोळे मिटलेले होते. असा तासभर गेला. पाऊल आता जांभळं दिसायला लागलं होतं. सून कठड्याशी उभी होती. ती म्हणाली, "आत्या, पंचनाम्याला स्ट्रेचर कशाला लागतंय?"

पाटील धावत खाली गेला.

ती दोघं वर आली. त्यातला एक माझ्यावरच भडकला. "यंत्र जिथं, तिथं पेशंट असायला पाहिजे. आम्ही तासभर झुडपं धुंडाळतोय!"

"तुमी वर बगायचं हुतं की."

"आमचा नियम आहे, बाई."

"आमचा बी हाय."

त्यानं पावलावर अंगठा दाबून पाहिला आणि भांडण सोडलं. मग दोघांनी घाईनं त्याला उचललं.

महिन्याभरानं तो गाडीनं आला, कुबड्या घेऊन. पाऊल राहिलं, दोन बोटं गेली. सुनेला पेढे दिले, मला म्हणाला, "तुम्ही वर आणलंत, बरं झालं."

"तासभर आधी गाडीत घातलं असतं तर बोटं ऱ्हायली असती?"

"डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही."

"मला येतं," मी म्हणाले. "ऱ्हायली असती. पिशवी मी ठिवली."

त्यानं कुबड्या भिंतीला टेकवल्या. मग म्हणाला, चहा आहे का. मी सुनेला सांगितलं, टाक.